इंटरनेट तोडा, मग चाचणी चालवा

डीएनएस सर्व्हरच्या बिल्डमध्ये एखादी चाचणी लाल होते, कोणीतरी ती पुन्हा चालवतो, या वेळी ती हिरवी होते आणि बदल मुख्य शाखेत जातो. हा क्रम आपल्या क्षेत्रात इतका रुळला आहे की त्यात काही वावगे वाटेनासे झाले आहे. चाचणी का पडली हे पाहण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही, कारण उत्तर आधीच ठरलेले असते: नेटवर्कचा काहीतरी घोळ होता. बहुतेक वेळा ते खरेही असते आणि खरी अडचण तीच आहे. ज्या चाचणीच्या अपयशाला कायमचे निमित्त हाताशी असते, तिने उद्या खरा दोष पकडला तरी तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून या अंकात एक भूमिका निःसंदिग्धपणे मांडायची आहे. बदल स्वीकारायचा की अडवायचा हे ठरवणाऱ्या चाचणीने इंटरनेटला हात लावता कामा नये. तिला लागणारी नावे, झोन, चाव्या, रूट सर्व्हर आणि घड्याळसुद्धा तिच्या सोबतच असले पाहिजे. यात सोय आहेच. पण अशी चाचणी उघड्या जाळ्यावरच्या चाचणीपेक्षा जास्त कडक असते आणि एरवी तपासताच येणार नाही असे बरेच काही तपासते, हे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते.

आधी जाळ्याच्या बेभरवशाबद्दल. तार तुटणे, पॅकेट गहाळ होणे हा त्यातला किरकोळ भाग झाला. जाळे उत्तम चालू असतानाही त्यावरची उत्तरे बदलतात, हा खरा धोका आहे. १५ सप्टेंबर २००३ रोजी व्हेरिसाइनने .कॉम आणि .नेट या झोनमध्ये वाइल्डकार्ड घातले. त्या क्षणापासून कोणीही न नोंदवलेल्या नावालाही पत्ता मिळू लागला. 'अस्तित्वात नसलेल्या नावाला एनएक्सडोमेन आले पाहिजे' ही चाचणी जर कोणी .कॉममधले मनाला येईल ते नाव घेऊन लिहिली असेल, तर तिचे उत्तर कोडची एक ओळही न बदलता उलटले. प्रखर विरोधानंतर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते वाइल्डकार्ड काढले गेले आणि उत्तर पुन्हा पालटले. पुढे ११ ऑक्टोबर २०१८ रोजी रूट झोनची मुख्य चावी बदलली. ती वर्षभर आधीच बदलायची होती, पण पुढे ढकलली गेली. २०१९च्या आरएफसी ८४८२ने 'एनी' प्रकारच्या क्वेरीला त्रोटक उत्तर देण्याची मुभा दिली. नोव्हेंबर २०२३मध्ये बी-रूटचा पत्ता बदलला. यातल्या कोणत्याही घटनेचा आपल्या सर्व्हरच्या गुणवत्तेशी संबंध नव्हता. तरीही जिवंत जाळ्यावर बेतलेली चाचणी अशा प्रत्येक वेळी आपल्या कोडबद्दल काहीतरी बोलत असल्याचा आव आणते. त्यात काही सेवादार पोर्ट ५३वरची रहदारी मध्येच अडवून स्वतःची उत्तरे देतात, हे धरले तर एकाच कमिटचा निकाल कार्यालयात एक आणि घरी दुसरा लागण्यात नवल नाही.

चुकून पडलेल्या चाचणीचा निदान त्रास तरी होतो, म्हणून कधीतरी तिच्याकडे लक्ष जाते. चुकून उत्तीर्ण झालेली चाचणी मात्र वर्षानुवर्षे तशीच राहते. एक उदाहरण जवळून पाहू. रिझॉल्व्हर डीएनएसेकची खोटी सही नाकारतो का, हे तपासायचे आहे. त्यासाठी मुद्दाम बिघडवून ठेवलेले एक सार्वजनिक डोमेन वापरायची जुनी पद्धत आहे: क्वेरी पाठवायची आणि सर्व्हफेल आले की चाचणी उत्तीर्ण समजायची. आता नेटवर्कची केबल काढा. सर्व्हफेलच येईल. रूटचे पत्ते चुकवा, तरी सर्व्हफेल. रिझॉल्व्हरमधला सही तपासणारा भाग मोडून टाका आणि सोबत जाळेही बंद ठेवा, तरी चाचणी हिरवीच. म्हणजे ही चाचणी सहीबद्दल काहीच सांगत नाही. हीच तपासणी स्वतःच्या झोनवर केली तर प्रश्न नेमका विचारता येतो. तेच नाव आधी 'तपासणी नको' हा सीडी बिट लावून विचारायचे: उत्तर आलेच पाहिजे, म्हणजे वाट मोकळी आहे हे सिद्ध झाले. मग बिट काढून विचारायचे: आता सर्व्हफेल आले पाहिजे. शिवाय आरएफसी ८९१४नुसार मिळणारा विस्तारित त्रुटी क्रमांकही पाहायचा. ६ म्हणजे सही खोटी, ७ म्हणजे सहीची मुदत संपलेली, २२ म्हणजे एकही अधिकृत सर्व्हर सापडला नाही. २२ आले तर सर्व्हफेल असूनही चाचणी पडली पाहिजे. एवढी काटेकोर अपेक्षा परक्याच्या झोनकडून ठेवता येत नाही, कारण तो झोन कोणत्या कारणाने बिघडलेला असावा हे ठरवणे आपल्या हातात नसते.

असे बंदिस्त जग उभारणे ही कल्पनेतली गोष्ट नाही; आपण रोज वापरतो ते सर्व्हर असेच तपासले जातात. बाइंडच्या सिस्टिम चाचण्या लूपबॅकवर १०.५३.०.१पासून पुढचे पत्ते चढवतात. प्रत्येक पत्त्यावर वेगळा सर्व्हर असतो. त्यातला एक रूटची भूमिका घेतो आणि बाकीचे त्याच्या खालचे झोन सांभाळतात. जिथे नियम मोडणारे उत्तर हवे असते, तिथे पर्ल किंवा पायथनमध्ये लिहिलेला छोटा नकली सर्व्हर बसवतात. बाइंडच्या सेटिंगमधला 'पोर्ट' हा पर्याय मुख्यतः याच कामासाठी आहे. तो बदलला की सर्व्हर ऐकतोही त्याच पोर्टवर आणि इतरांना विचारतोही त्याच पोर्टवर. त्यामुळे ५३वर चालणाऱ्या खऱ्या जगाशी त्याचे बोलणेच खुंटते. अनबाउंडची वाट वेगळी आहे. त्याच्या चाचणी फायलींत कोणत्या टप्प्यावर कोणती क्वेरी येईल, बाहेरून कोणते उत्तर मिळेल आणि शेवटी काय दिसले पाहिजे, हे पायरीपायरीने लिहिलेले असते. एकही सॉकेट न उघडता सगळा प्रसंग पार पडतो. चेक प्रजासत्ताकातल्या सीझेड.निक या संस्थेने त्याच धर्तीच्या प्रसंगफायली घेऊन डेकार्ड हे साधन घडवले. ते रिझॉल्व्हरला बाहेरून, न बदलता तपासते. तिन्ही पद्धतींत दर्जाचा फरक असेल, पण दुसऱ्याच्या यंत्रावर चाचणी टेकवायची नाही या तत्त्वावर तिघांचे एकमत आहे.

जाळे तोडले तरी एक धागा बाहेर लोंबत राहतो, तो म्हणजे वेळ. झोनच्या सह्यांना मुदत असते. डीएनएसेक-साइनझोन काही वेगळे न सांगितल्यास ३० दिवसांची मुदत घालते. सही केलेला झोन रेपॉझिटरीत ठेवून दिला की महिन्याभराने, कोणी काही न बदलता, चाचण्या कोसळू लागतात. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही चांगले आहेत. एक, प्रत्येक वेळी चाचणीच्या सुरुवातीलाच चाव्या तयार करून झोनवर ताजी सही करायची. दोन, घड्याळच गोठवायचे: अनबाउंडमध्ये पडताळणीची तारीख सेटिंगमधून ठरवता येते, इतरत्र लिबफेकटाइमसारखी साधने आहेत. घड्याळ हाती आले की जिवंत जाळ्यावर अशक्य असलेल्या चाचण्या सहज होतात. आरएफसी ५०११नुसार नवी विश्वासाची चावी स्वीकारण्याआधी ३० दिवस थांबावे लागते. कोणतीही बिल्ड प्रणाली ३० दिवस थांबणार नाही. बाइंडमध्ये हे काळ सेकंदांवर आणणारे खास चाचणीचे स्विच आहेत, अनबाउंडच्या प्रसंगफायलीत 'इतका वेळ गेला' अशी पायरीच लिहिता येते. कॅशमधली नोंद टीटीएल संपल्यावर खरोखर जाते का, हा आपल्या सर्व्हरचा रोजचा व्यवहार. तोही वेळ हातात असल्याशिवाय धड तपासता येत नाही.

आता आमच्या मुख्य मुद्द्याचा सर्वांत भक्कम पुरावा. फेब्रुवारी २०२४मध्ये कीट्रॅप हा दोष जाहीर झाला. चावीचा टॅग फक्त १६ बिटांचा असतो, म्हणून एकच टॅग असलेल्या अनेक चाव्या आणि अनेक सह्या एका झोनमध्ये ठेवता येतात. पडताळणी करणारा रिझॉल्व्हर प्रत्येक चावी प्रत्येक सहीशी लावून पाहत बसतो आणि मोजक्या पॅकेटांत त्याचा सीपीयू जेरीस येतो. नियमांचे प्रामाणिक पालन करणारे सर्व्हरच यात अडकत होते. त्याआधी २०२०मध्ये एनएक्सएनएस हल्ल्याने दाखवून दिले होते की पत्ते न देता नुसतीच नेमसर्व्हरची ढीगभर नावे देणारे एक उत्तर रिझॉल्व्हरकडून क्वेरींचा पूर सोडवून घेऊ शकते. असे झोन इंटरनेटवर सहज भेटत नाहीत, आणि भेटले तर ती चाचणी नसते, हल्ला असतो. तो दोष सुधारला गेला आहे आणि पुढच्या आवृत्तीत परत आलेला नाही, हे ठामपणे सांगायचे तर तो दुष्ट झोन स्वतःच्या चाचणीसंचात, स्वतःच्या नकली सर्व्हरमागे कायमचा असावा लागतो.

यावर पहिला आक्षेप असा: खरे जग अस्ताव्यस्त आहे, आणि बंद खोलीत नीटनेटका झोन चालवून सर्व्हर तिथे टिकेल याची खात्री कशी मिळणार? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर कामाची विभागणी हे आहे. १ फेब्रुवारी २०१९च्या डीएनएस फ्लॅग डेच्या वेळी ईडीएनएस न समजणाऱ्या सर्व्हरांसाठी वर्षानुवर्षे बाळगलेल्या पळवाटा रिझॉल्व्हर बनवणाऱ्यांनी काढून टाकल्या. त्या काढल्याने किती डोमेन अडचणीत येतील, हे जिवंत जाळे मोजल्याशिवाय कळले नसते. असे मोजमाप हवेच. मात्र ते निरीक्षण आहे. ते रोज रात्री वेगळे चालावे, त्याचा कल पाहावा, त्यातून एखाद्या कमिटचा निवाडा करू नये. निरीक्षणात जो विचित्रपणा सापडेल तो पकडून आत आणायचा: ईडीएनएसची क्वेरी गिळून टाकणारा सर्व्हर, फॉर्मएरर देणारा, मोठे उत्तर अर्धवट कापूनही टीसी बिट न लावणारा. प्रत्येकाचा एक नकली अवतार चाचणीसंचात ठेवला की जगाचा अस्ताव्यस्तपणा रोज आणि हमखास तपासला जातो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सर्व्हर लिहिणाऱ्यानेच नकली जग लिहिले तर आरएफसीबद्दलचा त्याचा गैरसमज दोन्हीकडे सारखाच उतरेल आणि दोन चुका एकमेकींना दुजोरा देतील. हे होते, आणि त्यापासून जिवंत जाळे थोडेफार वाचवतेही. पण त्याच्या मुळाशी आहे तो स्वतंत्र दुसऱ्या मताचा अभाव, आणि ते मत आणायला इंटरनेट लागत नाही. बाइंडचा रिझॉल्व्हर तपासताना समोर एनएसडी किंवा नॉट डीएनएस अधिकृत सर्व्हर म्हणून बसवा. स्वतःच्या साधनाने सही केलेला झोन एलडीएनएसच्या साधनाने पडताळून घ्या. पॅकेट रचायला स्वतःच्याच लायब्ररीऐवजी डीएनएसपायथन वापरा. सगळे एकाच यंत्रावर, लूपबॅकवर चालते आणि दुसरे मतही मिळते.

तिसरा आक्षेप वेळेचा आणि मनुष्यबळाचा. छोट्या गटाला रूट, टीएलडी, डेलिगेशन, सह्या हे सारे उभारणे परवडेल का? सुरुवातीला दोन-चार दिवस जातील हे मान्य. पण चाचणीसाठीचा रूट झोन म्हणजे एसओए, एनएस आणि दोन-तीन डेलिगेशन. पंधरा-वीस ओळींत तो मावतो. नावांसाठी आरएफसी २६०६ने १९९९पासून .टेस्ट, .एक्झाम्पल आणि .इनव्हॅलिड राखून ठेवली आहेत. झोनच्या आत लिहायच्या पत्त्यांसाठी १९२.०.२.०/२४सारखे पट्टे राखीव आहेत. एकदा हा सांगाडा उभा राहिला की पुढची प्रत्येक चाचणी ही एक झोनफाइल आणि काही अपेक्षा इतकीच उरते. 'पुन्हा चालवून पाहू' यात दर आठवड्याला वाया जाणारे तास याच्या तुलनेत कितीतरी महाग आहेत. शिवाय डेबियनच्या धोरणात मुख्य संग्रहातल्या पॅकेजांनी बिल्ड होताना लूपबॅकवर स्वतःच सुरू केलेल्या सेवांखेरीज नेटवर्कला हात लावू नये असा नियमच आहे. तुमच्या चाचण्या बंदिस्त नसतील तर तिथले पॅकेज सांभाळणारे त्या सरळ बंद करतील, आणि मग ज्या यंत्रांवर तुमचा सर्व्हर बिल्ड होतो तिथेच तो न तपासलेला राहील.

शेवटी अंमलबजावणी. चाचणी स्वयंपूर्ण आहे असे कोणी म्हणते म्हणून ती तशी असते असे नाही. रूटचे पत्ते सेटिंगमध्ये द्यायचे राहिले की बाइंड आपल्या पोटातली खरी यादी गुपचूप वापरतो, आणि जाळे चालू असेपर्यंत हे कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून सक्ती यंत्रणेकडूनच हवी. लिनक्सवर 'अनशेअर' वापरून चाचणी वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये चालवा. तिथे सुरुवातीला लूपबॅकसुद्धा बंद असतो, तो हाताने उठवावा लागतो आणि त्याखेरीज बाहेर जायला वाटच नसते. युजर नेमस्पेसची परवानगी असेल तर रूटचे अधिकार न घेताही त्यात हवे ते पत्ते चढवता येतात आणि खऱ्या पोर्ट ५३वर ऐकता येते. बाहेर जाणारी चोरटी क्वेरी टाइमआउटची वाट न पाहता तत्काळ अपयशी ठरते आणि लॉगमध्ये दिसते. त्याच्या जोडीला नकली रूटचा क्वेरी लॉग चाचणीच्या शेवटी तपासा: अपेक्षित नसलेले एकही नाव त्यात आढळले तर चाचणी नापास.

आपल्यापैकी जे सर्व्हर लिहितात, पॅच करतात किंवा स्वतःच्या संस्थेसाठी बिल्ड करतात, त्यांनी हे काम पुढच्या आवृत्तीची वाट न पाहता सुरू करावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. आहे तो चाचणीसंच उद्याच एकदा जाळे तोडून चालवा. ज्या पडतील त्यांची यादी करा, आणि ज्या सर्व्हफेलची अपेक्षा ठेवून हिरव्या राहतील त्यांची यादी त्याआधी करा, कारण त्या जास्त धोकादायक आहेत. एकेक चाचणी आत आणा. ती यादी संपली की लाल दिव्याला एकच अर्थ उरेल: दोष आपल्या कोडमध्ये किंवा आपल्या चाचणीत आहे, आणि तो आजच शोधायचा आहे.