चौकटींचा सुकाळ

वर्तमानपत्रात चौकट मिळवायची तर माणसाला निदान मरावं तरी लागतं. इंजिनीअरच्या नकाशात मात्र 'उत्तर दिशा' या दोन शब्दांनाही ती फुकट मिळते! ऑटोकॅडच्या २०१६ च्या आवृत्तीपासून मजकुराच्या गुणधर्मांत एकदा 'हो' म्हटलं, की चौकट हजर. पूर्वी ती वेगळी काढावी लागे; तेवढ्या वेळात माणूस थोडा विचार तरी करी.

आमचं म्हणणं पटत नसेल तर दत्तजयंतीला सारंगखेड्याला जा. तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तिथं ज्याला त्याला झूल नि गोंडे! म्हणून जाणता गिऱ्हाईक झुलीकडे बघतच नाही. सरळ जबडा उघडून दात पाहतो. नकाशाला कुठले आलेत दात? 'खाली विजेची केबल आहे, खोदू नका' ही एक सूचना मुकादमाला दिसायलाच हवी. ती तीस चौकटींतली एकतिसावी झाली, तर कुदळ मारणाऱ्याच्या जिवाशी गाठ!

बरं, चौकट द्यायचीच तर शब्दांना श्वास घेऊ द्या. मजकुराच्या पार्श्वभूमीची जी खिडकी उघडते, तिथं अंतराचा आकडा असतो. १ म्हणजे अंगाला चिकटलेला सदरा, ५ म्हणजे ऐसपैस अंगण, मूळचा १.५. वर वेलांटी, खाली उकार घेऊन चालणाऱ्या आपल्या मराठीला तो थोडा वाढवूनच द्यावा.

एका नकाशाला एक चौकट, फार तर दोन. बाकीच्या शब्दांनी उघड्यावर राहिलं म्हणून त्यांना काही सर्दी होत नाही!