सुप्पंडी कोणी काढला?

कॉमिक्स म्हणजे वेळेची नासाडी, असं आपल्याकडे बरेच जण मानतात. लॉकर तपासताना कादंबरी निघाली तर चालते, कॉमिक निघालं की जप्त. मला हे पटत नाही. कॉमिक्स वाचणाऱ्यांनी काय काय केलं आहे ते आधी ऐका.

अमेरिकेत क्लीव्हलँडच्या ग्लेनव्हिल हायस्कूलमध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर हे दोन मित्र होते. १९३२ मध्ये त्यांनी विज्ञानकथांचं एक छोटं मासिक घरच्या घरी सुरू केलं. जानेवारी १९३३ च्या अंकात सीगलने ‘सुपरमॅन’ नावाच्या माणसाची गोष्ट लिहिली आणि शुस्टरने चित्रं काढली. गंमत म्हणजे हा सुपरमॅन खलनायक होता, शिवाय टकला! पाच अंकांनंतर मासिक बंद पडलं. आपल्याला माहीत असलेला सुपरमॅन १९३८ मध्ये आला आणि त्याचे सगळे हक्क दोघांनी १३० डॉलरला देऊन टाकले. पुढे कंपनीने किती कमावलं असेल याचा विचार केला की वाईट वाटतं.

चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेल्या अशा मासिकाला फॅनझिन म्हणतात. कॉमिक्सच्या फॅनझिन जोरात निघाल्या त्या १९६० नंतर. डीसी कॉमिक्सचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ वाचकांची पत्रं पूर्ण पत्त्यासह छापू लागले आणि लांबलांबचे वाचक एकमेकांना थेट पत्रं लिहू लागले. १९६१ मध्ये डेट्रॉइटचे प्राध्यापक जेरी बेल्स यांनी ‘ऑल्टर इगो’ काढलं. त्यांना साथ होती रॉय थॉमस या कॉलेजच्या विद्यार्थ्याची. छपाई स्पिरिट डुप्लिकेटरवर. त्यात अक्षरं जांभळी उमटतात आणि जितक्या प्रती काढाव्या तितकी ती फिकी होत जातात. म्हणजे शेवटच्या वाचकाला डोळे ताणूनच वाचावं लागत असणार. हेच थॉमस १९६५ मध्ये मार्व्हलमध्ये गेले आणि १९७२ मध्ये तिथले मुख्य संपादक झाले.

या फॅनझिनमध्ये हौशी मुलांनी आपापले सुपरहिरोही काढले. त्यांतले बरेचसे नक्कलच होते. मला त्यापेक्षा त्यांच्या याद्या मोलाच्या वाटतात. त्या काळात बऱ्याच कॉमिक्सवर लेखक-चित्रकाराचं नावच नसे. डोनाल्ड डकच्या अंकांवर फक्त वॉल्ट डिस्नेचं नाव असायचं. पण त्यातला एक चित्रकार इतरांपेक्षा सरस आहे, हे वाचकांनी नुसत्या रेषेवरून ओळखलं होतं. नाव ठाऊक नव्हतं, म्हणून ते त्याला ‘चांगला बदकवाला’ म्हणत. १९६० च्या सुमारास काही वाचकांनी त्याला शोधून काढलं. तो होता कार्ल बार्क्स, अंकल स्क्रूजचा जनक. बेल्स तर एवढ्यावर थांबले नाहीत. हॅम्स वेअर यांच्याबरोबर त्यांनी जुन्या कलाकारांच्या नावांचा आणि कामाचा कोशच तयार केला. कंपन्यांनी जे केलं नाही, ते पदरमोड करून वाचकांनी केलं. याला वेळेची नासाडी कशी म्हणायची?

आता आपल्याकडे या. मी आमच्या डॉर्ममध्ये विचारून पाहिलं. केरळपासून आसामपर्यंतच्या मुलांना सुप्पंडी माहीत आहे, त्याचे विनोद पाठ आहेत. टिंकलमध्ये त्याला पहिल्यांदा कोणी चितारलं, हे एकालाही सांगता आलं नाही. ते राम वाईरकर. अमर चित्र कथेतला ‘कृष्ण’ही त्यांचाच. नाव ऐकून मराठी मुलांचीसुद्धा मान हलली नाही, याचं मला जास्त आश्चर्य वाटलं.

महाराष्ट्रातल्या शाळांत हस्तलिखित काढायची जुनी पद्धत आहे. एकच प्रत, सुंदर अक्षर, हाताने काढलेली चित्रं. आपण इथे मराठी वाचणारे मोजकेच आहोत, त्यामुळे एक प्रत पुरेल. माझी पहिली चार पानं वाईरकरांवर तयार आहेत. सुप्पंडी हुबेहूब काढता येणारा कोणी असेल, तर रविवारी प्रेपनंतर भेटावं. कागद मी देईन, रंग आपापले आणा.