परका पदार्थ आणि आपले ताट

तंजावर हे बृहदीश्वराच्या मंदिराचे नगर. तमिळनाडूत असले तरी मराठी माणसाशी त्याचे नाते जुने आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तेथे भोसल्यांची सत्ता स्थापन केली. ते घराणे १८५५ पर्यंत टिकले. आज या नगरात इडली-डोशाच्या उपाहारगृहांच्या शेजारी पिझ्झाची दुकानेही दिसतात. तरुण मुले तेथे जमतात, वाढदिवस साजरे करतात. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र ते रुचत नाही. बाहेरचे खाणे आले आणि आपली संस्कृती बुडाली, अशी त्यांची तक्रार असते. ही तक्रार कितपत खरी आहे, हे तंजावरच्याच इतिहासाला विचारून पाहावे.

सांबार हा पदार्थ तंजावरच्या मराठी राजवाड्यात जन्मला, अशी एक दंतकथा आहे. आमटीसाठी आमसूल मिळेना, म्हणून चिंच घातली गेली आणि पाहुणे आलेल्या संभाजीराजांच्या नावावरून तिला सांबार म्हटले गेले, असे सांगतात. या कथेला भक्कम पुरावा नाही. तथापि, दोन प्रांतांची चव एकाच भांड्यात मिसळू शकते, हे लोकांना पटलेले होते, एवढे तरी तिच्यावरून दिसते. पिझ्झाचीही अशीच एक कथा आहे. १८८९ मध्ये इटलीची राणी मार्गेरिता नेपल्सला आली असता तिच्यासाठी एक पिझ्झा बनवला गेला आणि त्याला तिचे नाव मिळाले, असे म्हणतात. याही कथेविषयी अभ्यासकांना शंका आहे. वस्तुतः पिझ्झा हे नेपल्सच्या गोरगरिबांचे रस्त्यावरचे स्वस्त खाणे होते. लोकांनी घडवलेल्या पदार्थाला राजाराणीचे नाव चिकटवण्याची हौस दोन्हीकडे सारखीच!

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सांबारातला टोमॅटो आणि पिझ्झावरचा टोमॅटो, दोन्हींचे मूळ अमेरिका खंडात आहे. सोळाव्या शतकापूर्वी तो इटलीलाही ठाऊक नव्हता. आपली तिखट मिरची त्याच खंडातली. ती पोर्तुगिजांच्या जहाजांतून भारतात आली. पुरणपोळी मात्र मराठी घरांतून दक्षिणेत गेली आणि तमिळ मिठाईच्या दुकानात 'पोळी' या नावानेच नांदू लागली. तेव्हा परके कोणते आणि आपले कोणते, ही रेषा वाटते तितकी ठळक नाही.

बाहेर जेवण्याला दुसरीही एक बाजू आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिणेतील अनेक उपाहारगृहांत ब्राह्मणांसाठी वेगळी बैठक असे. दलितांना तर कित्येक ठिकाणी प्रवेशच नसे. स्वतंत्र भारताच्या संविधानाने पंधराव्या अनुच्छेदात सार्वजनिक उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख करून तेथे धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही, असे ठरवले. शेजारच्या मेजावर कोण बसले आहे याची चौकशी न करता आज तरुण मुले एकत्र जेवतात, ही लहान गोष्ट नव्हे. अर्थात जातीची अट गेली तरी पैशाची अट उरतेच. चौघांच्या कुटुंबाने अशा ठिकाणी एकदा जेवायचे म्हटले, तर मजुराची दिवसभराची कमाई सहज संपते. म्हणून अशा खाण्याला प्रतिष्ठेचे लक्षण मानू नये. मैदा, चीज आणि मीठ रोजच्या रोज पोटात जाणेही हिताचे नाही. कधीमधी हौसेने खावे, हे उत्तम.

मग घरच्या पदार्थांना धोका कशाचा आहे? धोका पिझ्झाचा नाही, विस्मरणाचा आहे. दुसऱ्या सरफोजी राजांच्या (१७९८ ते १८३२) दरबारातील पाककृती लिहून ठेवल्या गेल्या. 'शरभेंद्र पाकशास्त्र' या नावाने त्या तेथील सरस्वती महाल ग्रंथालयाने जपल्या आहेत. सामान्य घरांतील पाककृती मात्र कोणी लिहिल्या नाहीत. तंजावरकडच्या कित्येक मराठी कुटुंबांत मराठी बोलली जाते, पण देवनागरी वाचता येत नाही. उडदाच्या पिठाची ताकातली डांगर पचडी आजीच्या हातात असते. आजी गेली की तीही जाते. नेपल्सच्या लोकांनी पिझ्झा भाजण्याची कला जाणत्या हातांकडून नव्या हातांना शिकवली, म्हणून ती टिकली. २०१७ मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांनी परक्या पदार्थांवर रागावण्यात वेळ दवडला असता, तर हे घडले नसते.

म्हणून मुलांना पिझ्झाच्या दुकानातून ओढून आणण्यापेक्षा त्यांना आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरात बोलवावे. ज्याला लिहिता येते त्याने घरातील वृद्धांना विचारून एकेक पदार्थ वहीत उतरवावा: काय घालायचे, किती घालायचे आणि केव्हा उतरवायचे. अक्षरओळख झालेल्या प्रत्येकाला हे काम करता येईल. राजवाड्याच्या पाककृती लिहायला लेखनिक होते; घराघरांतील पाककृतींना घरातलेच हात हवेत.