चाँदरातीची मेहंदी

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या आवारातलं मेहंदीचं झाड मेलं. रोपवाटिकेत नवं रोप मिळतं, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण हे झाड अम्मीच्या हातचं होतं. बार्शीचं घर विकायचं ठरलं, तेव्हा तिनं अंगणातल्या झाडाची वीतभर काडी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. "पाणी बेतानं घाल, ही तहान सोसते," एवढंच म्हणाली. सोलापूरच्या उन्हात काडीनं जीव धरला. वर्षभरानं अम्मी गेली. झाड मात्र वाढत राहिलं.

चाँदरातीला इमारतीतल्या मुली वाट्या घेऊन यायच्या. पाला वाटायचा, लिंबू पिळायचं, हात रात्रभर बांधून ठेवायचे. नागपंचमीला शेजारच्या वहिनीही ओंजळभर पाला न्यायच्या.

यंदा पावसानं गवत गुडघाभर वाढलं. साप निघतील अशा तक्रारी आल्या आणि समितीनं साफसफाईचं काम बाहेर दिलं. आठवड्याभरात पानं पिवळी पडली. पाणी जास्त झालं असेल, असं आम्ही समजलो. मग शेंडे वाळले. कचऱ्याच्या पेटीमागे तणनाशकाचा रिकामा डबा सापडला, तेव्हा उलगडा झाला. डब्यावर नाव होतं ग्लायफोसेट. हे औषध हिरव्या पानातून आत शिरतं आणि मुळापर्यंत उतरतं. गवत कोणतं, झाड कोणतं, हे त्याला कळत नाही. मेहंदी बुडातून छाटली तरी पुन्हा फुटते. चुकून कोयता चालला असता, तर झाड वाचलं असतं. इथे मूळच गेलं.

फवारणी करणाऱ्या पोराला आम्ही रागानं गाठलं. हातात मोजे नाहीत, नाकाला नुसता रुमाल. म्हणाला, "भिंतीकडचं सगळं साफ कर, असं सांगितलं होतं. हे झाड ठेवायचंय, असं कुणी बोललंच नाही."

खरंच कुणी बोललं नव्हतं. समितीच्या बैठकीचा निरोप मोबाईलवर आला होता. पेपर तपासायचे म्हणून आम्ही गेलो नाही. कामाच्या मंजुरीचा कागद दारी आला, त्यावर न वाचताच सही केली. प्रश्न नीट न वाचणाऱ्या मुलांचे आम्ही गुण कापतो!

म्हणून समितीची चूक माफ होत नाही. मुलं खेळतात तिथे न कळवता विष फवारणं हा निष्काळजीपणाच. पुढच्या बैठकीला आम्ही गेलो आणि तीन गोष्टी मंजूर करून घेतल्या. गवत विळ्यानंच कापायचं. फवारणी अगदीच लागली, तर दोन दिवस आधी फलकावर लिहायचं आणि काम करणाऱ्याला मोजे, मास्क द्यायचे. राखायच्या झाडांभोवती विटांचं आळं करून खोडाला चुना लावायचा.

झाड लावणं हा सदका आहे, हे आपण मुलांना शिकवतो. लावलेलं राखणंही शिकवायला हवं. आणखी एक विनंती. घरात आईवडिलांच्या हातचं झाड असेल, तर त्याची एखादी काडी आजच दुसऱ्याच्या अंगणात लावून द्या. आम्ही चार वर्षं पाला वाटला, काडी कुणाला दिली नाही. बार्शीच्या अंगणात आता दुकानं आहेत.

येत्या चाँदरातीला मुली वाट्या घेऊन येतील. त्यांना काय सांगायचं, ते अजून आम्हाला सुचलेलं नाही.