डबलसीट

मुलांनो, पॅरिसमध्ये विजेवरच्या स्कूटर भाड्यानं मिळत. आपल्यासारख्या बसून चालवायच्या नव्हेत हं, फळीवर उभं राहायचं! मोबाईलवर पैसे भरले की निघाली. डबलसीटला बंदी; तरी दोघं-दोघं चढतच. जून २०२१मध्ये सेन नदीकाठी अशाच डबलसीट स्कूटरनं पायी चाललेल्या तरुणीला धडक दिली. बिचारी दगावली. पुढं २ एप्रिल २०२३ला शहरानं मतदान घेतलं. मतदार आले थोडेच, पण आलेल्यांपैकी शंभरातल्या ८९ जणांनी ‘भाड्याच्या स्कूटर नकोत’ म्हटलं. सप्टेंबरपासून त्या बंद! नीट चालवणाऱ्यांच्याही गेल्या की!

बरं, परवा शाळेच्या उतारावरून कॅरिअरवर मित्राला उभं करून, ब्रेक न दाबता कोण आलं होतं?