काचेबाहेरचा नायक

सत्तरच्या दशकातल्या ब्रिटनचा विषय निघाला, की तिथल्या स्वस्तातल्या चावट विनोदी चित्रपटांचा दाखला हटकून दिला जातो. समाज मोकळा झाला म्हणून असले चित्रपट निघाले आणि चालले, असा त्यामागचा हिशेब. मला तो उलटा वाटतो. हे चित्रपट नीट पाहिले तर त्यांत मोकळेपणापेक्षा अवघडलेपणच जास्त दिसतं. १९७२ चा ‘ओ पेअर गर्ल्स’ घ्या. चार परदेशी तरुणी लंडनला येतात आणि चौघींच्या चार गोष्टी आळीपाळीने पुढे सरकतात. दिग्दर्शक व्हॅल गेस्ट. हा कुणी नवखा नव्हे. ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’सारखा धडकी भरवणारा विज्ञानपट त्याने १९५५ मध्येच केला होता. ‘ओ पेअर’ हे शब्द फ्रेंच, अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’. मुलीने परक्या कुटुंबात राहायचं, मुलं सांभाळायची, भाषा शिकायची आणि हातखर्चाला थोडे पैसे घ्यायचे, अशी ती पद्धत. चित्रपटात मात्र बरोबरी औषधालाही नाही. स्वीडिश, डॅनिश, जर्मन आणि चिनी अशा या चौघी. डॅनिश मुलीला न्यायला मालकाचा मुलगा येतो, गाडी वाटेत अडते आणि पुढे काय होणार ते प्रेक्षकाला तिकीट काढतानाच ठाऊक असतं. स्वतःच्या इच्छेबद्दल सरळ बोलता येत नाही, तेव्हा ती पाहुण्याच्या सामानात सापडल्याचं दाखवणं सोयीचं पडतं.

सुट्या गोष्टींची माळ ओवण्यामागे कलेपेक्षा खर्चाचा विचार असणार, हे उघड आहे. एक दिवाणखाना, एक गाडी, दोन-चार दिवसांपुरता बोलावलेला नावाजलेला नट, एवढ्यात एक गोष्ट उरकते. त्यात भर पडली ‘ईडी लेव्ही’ची. तिथे तिकिटांवर अधिभार घेतला जाई आणि त्यातला वाटा ब्रिटिश निर्मात्यांना त्यांच्या गल्ल्याच्या प्रमाणात परत मिळे. चित्रपट बरा की वाईट, हा प्रश्न या गणितात कुठेच नव्हता. खर्च कमी आणि गल्ला बरा, की सरकारी योजनाही मदतीला हजर! मोकळ्या विचारांचं श्रेय त्यातल्या किती निर्मात्यांना द्यायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

यावर पहिला आक्षेप गर्दीचा. १९७७ चा ‘कम प्ले विथ मी’ लंडनच्या सोहो भागातल्या मूलाँ चित्रपटगृहात जवळजवळ चार वर्षं चालला. लोक बुजरे असते तर गेले असते का? गेले असतेच, उलट बुजरे होते म्हणूनच गेले. डेन्मार्कने १९६९ मध्ये अश्लील चित्रांवरची बंदी उठवली होती. ब्रिटनमध्ये उघड अश्लीलपट बेकायदाच होते. तिथे सेन्सॉरने १९७० मध्ये ‘एक्स’ प्रमाणपत्राची वयोमर्यादा सोळावरून अठरावर नेली. कायदा आणि कुतूहल यांच्यात जी चिंचोळी फट उरली, तिच्यात हे चित्रपट तगले. घरोघरी व्हिडिओ आले आणि ही जात झपाट्याने नामशेष झाली. लोकांना त्यातला विनोद खरोखर हवा असता, तर इतक्या सहज सुटला नसता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पूर्वी पडद्यावर जे दाखवता येत नव्हतं, ते आता दाखवता आलं, हा बदल नव्हे का? आहे. पण कातडी किती दिसली यावर मोकळेपणा मोजायचा, तर तो दाखवला कसा हेही पाहायला हवं. गेस्टच्याच १९७४ च्या ‘कन्फेशन्स ऑफ अ विंडो क्लीनर’मध्ये स्वयंपाकघरातला प्रसंग आहे. साबणाचा फेस फरशीभर पसरतो आणि त्यातच नायक नि एक बाई घसरत, आपटत लोळतात. प्रणयाची जागा धडपडीने घेतलेली. प्रेक्षकाने हसायचं, म्हणजे आपण काय पाहायला आलो होतो ते स्वतःलाही सांगावं लागत नाही. फेस सेन्सॉरचंही काम करतो आणि लाजेचंही. ही निरुपद्रवी गंमत होती, असं आज आठवणींत रमणारे म्हणतात. पण हसण्याची ही सोय प्रेक्षकाची होती, पडद्यावरच्या मुलीची नव्हे. ‘ओ पेअर गर्ल्स’मधल्या जर्मन मुलीच्या वाट्याला गाणारा तारा येतो आणि त्या गोष्टीतलं हसू बघता बघता विरतं.

खरा बदल या काळात झाला तो इतरत्र. समलैंगिकता आणि गर्भपात यांविषयीचे कायदे संसदेने १९६७ मध्ये बदलले, रंगभूमीवरची सेन्सॉरशिप १९६८ मध्ये गेली. ‘विंडो क्लीनर’ आला त्याच १९७४ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेने लग्न झालंय का हे न विचारता गर्भनिरोधकं मोफत द्यायला सुरुवात केली. दवाखान्याच्या दारातून लोक सरळ आत जाऊ लागले होते. पडद्यावरचा नायक तेव्हा शिडीवर चढून, हातात बादली धरून, परक्यांच्या खिडक्यांतून आत डोकावत होता.