वरच्या खोलीत नेट का पोहोचत नाही?

खाली हॉलमध्ये मोबाइल व्यवस्थित चालतो, पण जिना चढून वर गेले की अडखळू लागतो. मुलीचा ऑनलाइन तास मध्येच थांबतो. आखातात नोकरीला असलेल्या अब्बांचा व्हिडिओ कॉल आला तर सगळ्यांना खाली पळावे लागते. मग घरात एकच सूर निघतो, ‘मोठा प्लॅन घ्या.’

वाचकहो, पैसे वाढवण्याआधी एक तपासणी करा. राउटरजवळ उभे राहून मोबाइलवर नेटचा वेग मोजा आणि त्याच मोबाइलवर वरच्या खोलीत पुन्हा मोजा. खाली वेग पुरेसा आणि वर फारच कमी असेल, तर दोष प्लॅनचा नाही. राउटरच्या जागेचा आणि मधल्या अडथळ्यांचा आहे.

वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. लाकडी दारातून त्या सहज जातात, पण चिऱ्याची जाड भिंत आणि सळ्यांचा स्लॅब त्यांना बराच अडवतो. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी यांनीही त्या अडतात. आपल्याकडे राउटर बहुधा टीव्हीच्या मागे किंवा कपाटाच्या कोपऱ्यात असतो, कारण वायर तिथवरच आलेली असते.

पहिला उपाय बिनखर्चाचा किंवा थोड्या खर्चाचा आहे. राउटर घराच्या मध्याजवळ, जिन्यालगत, उंचावर आणि मोकळ्या जागी ठेवा. जिन्याच्या मोकळ्या जागेतून लहरींना वर जायला वाट मिळते. फायबरची वायर स्वतः ओढू किंवा दुमडू नका; ती आतून काचेची असते. जागा बदलायला कंपनीच्या माणसाला बोलवा.

उभ्या अँटेनाच्या लहरी मुख्यतः चोहोबाजूंना आडव्या पसरतात, वर-खाली कमी जातात. दोन अँटेना असतील तर एक उभी ठेवून दुसरी आडवी करून पाहा.

बऱ्याच राउटरवर दोन नावे दिसतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची. ५ चा वेग जास्त, पण भिंतीपुढे तो लवकर थकतो. २.४ चा वेग कमी, पण पल्ला लांब. वरच्या खोलीत २.४ जोडून पाहा.

एवढे करूनही भागले नाही तरच खरेदीचा विचार करा. स्वस्तातला एक्स्टेंडर घेतला तर तो वरच्या खोलीत लावू नका. जिथे सिग्नलच नाही, तिथे तो पुढे काय देणार? जिन्याच्या मध्यावर, सिग्नल अजून चांगला आहे अशा जागी लावा. मात्र साध्या एक्स्टेंडरने वेग बराच घटतो, कधी निम्म्यावर येतो.

सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे खालच्या राउटरपासून वर लॅन केबल नेऊन तिथे दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून जोडणे. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे घराला पुरून उरते. नवे घर बांधत असाल किंवा वर मजला चढवत असाल, तर विजेच्या पाइपाशेजारी केबलसाठी वेगळा रिकामा पाइप आत्ताच टाकून घ्या. पुढे भिंत फोडण्याचा खर्च वाचेल. वीज वारंवार जात असेल तर राउटरला छोटा यूपीएसही लावावा.

शेवटी एक गोष्ट घरातल्या मोठ्यांसाठी. राउटर टीव्हीजवळ असला की सर्वांत चांगले नेट टीव्हीला मिळते आणि उरलेसुरले अभ्यासाला. पाहुण्यांची वर्दळ टाळून मुलगी शांतपणे वर अभ्यासाला बसते, आणि नेमके तिथेच नेट नसते. ती तक्रार करत नाही, म्हणून अडचण नाही असे समजू नका. राउटरची जागा ठरवताना आधी तिला विचारा.